तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा बारा प्राण्यांचा प्राणी

"पत्रिका मानत नाही म्हणता, मग हॉलमध्ये हे जपानी राशीचक्र कशाला?" घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो आणि उत्तर पुरं व्हायच्या आत विषय बदलतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मुळात ते लाकडी ठशांनी छापलेलं, योशितोरा या जपानी चित्रकाराचं १८५८ सालचं चित्र. माझ्याकडे आहे ती आजची छापील प्रत. उंदराचं तोंड, सशाचे कान, बैलाची शिंगं, कोंबड्याचा तुरा, बोकडाची दाढी, वाघाचं पोट आणि शेपटीच्या जागी चक्क साप. तिथे दर वर्षाला एक प्राणी; असे बारा वर्षांचे बारा प्राणी एकाच अंगात कोंबलेत. योशितोराचा गुरू कुनियोशी. १८४२ मध्ये नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी आली, तेव्हा त्यांच्या जागी मांजरं नि चिमण्या उभ्या करणारा. ज्या प्राण्यांवरून माणसाचं नशीब ठरवतात त्यांचीच अशी फिरकी घ्यायची, याचं मला फार अप्रूप. पूर्वी मी एवढं सांगून थांबायचो.

मग ताई राहायला आली.

ताईच्या पत्रिकेत मंगळ. एका घरून होकार आला होता, साखरपुड्याची तारीखही धरली होती. पत्रिका गेली आणि निरोप आला, "मुलगी चांगली आहे हो, पण आमचा एकुलता एक आहे." आई आत निघून गेली. ताई हॉलमध्येच पोह्यांच्या बशा एकात एक ठेवत राहिली. सगळ्या रचून झाल्यावरही तिने हात काढला नाही.

या चित्रासमोर उभं राहून मी तिला १९६६ सांगितलं. साठ वर्षांनी एकदा अग्नी-अश्वाचं, म्हणजे अग्नी तत्त्वाच्या घोड्याचं, वर्ष येतं. त्यात जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, असा जपानमधला समज. बुलेट ट्रेन धावू लागून दोन वर्षं झालेल्या त्या देशात त्या साली जन्म अठरा लाखांवरून साडेतेरा लाखांवर आले. मला म्हणायचं होतं, बघ, तू एकटी नाहीस.

"यात घोडा कुठाय?"

मी आयाळ दाखवली.

"आणि चित्राचं नाव काय?"

"घराची राखण करणारे बारा प्राणी."

"म्हणजे ताईतच की रे हा! तू हसतोस. विकत घेणारे हात जोडत असतील."

मी वाद घातला, अजूनही घालतो. घोड्याच्या वाट्याला नुसती आयाळ आलीय, त्याची एकट्याची सत्ता कुठे उरली? माणसं हसत हसत हात जोडतात, त्यात खोटं काय? पण ज्याच्या घरात धास्तीच नाही तो राखण कशाला विकत घेईल, हा तिचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. २०२६ पुन्हा तेच वर्ष. यंदा तिथे पाळणे किती हलतात याकडे माझं लक्ष आहे.

चित्र भिंतीवरून काढणार नाही, हे मी ताईला सांगितलं. "तुझं घर आहे," एवढंच ती म्हणाली.