माफीचा अर्ज

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला आणि आमच्या कार्यालयाचा फलक बदलला. खोल्या, कपाटे आणि माणसे तीच राहिली, आणि जूनअखेर विक्रीकर अधिकारी असलेली मी जुलैत राज्यकर अधिकारी झाले. या बदलाचा अर्थ मात्र मला पाच-सहा महिन्यांनी, करदात्यांच्या वाटणीची यादी आली त्या दिवशी कळला. माझी नेमणूक तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी होती.

नव्या करात केंद्र आणि राज्य एकाच विक्रीवर एकाच वेळी कर लावतात, त्यामुळे एका व्यापाऱ्याला दोन-दोन अधिकारी नकोत म्हणून व्यापारीच वाटून घ्यायचे, असे केंद्र आणि राज्ये मिळून बनलेल्या वस्तू व सेवा कर परिषदेने जानेवारी 2017 मध्ये ठरवले होते. वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेल्यांपैकी 90 टक्के राज्याकडे आणि 10 टक्के केंद्राकडे, त्यावरचे निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे, असे ते सूत्र होते. कोण कुठे जाणार हे संगणक ठरवणार होता. व्यापाऱ्याची पसंती विचारायची नव्हती आणि आमचीही नव्हती.

सकाळी यादी उघडली तेव्हा प्रथम नजर गेली ती नोंदणी क्रमांकांवर. आमच्या जुन्या मूल्यवर्धित कराच्या (व्हॅटच्या) क्रमांकाची सुरुवात 27 ने होत असे आणि नव्या पंधरा अंकाक्षरी क्रमांकाचीही 27 नेच होते, कारण 27 हा महाराष्ट्राचा संकेतांक आहे. त्यापुढची दहा अक्षरे मात्र आयकर खात्याच्या पॅनची, म्हणजे केंद्राने दिलेली. सवयीने मी पहिले दोन अंक पाहून पुढे सरकत होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला पुढची दहा अक्षरे वाचायची सवय लागली.

मोठ्या व्यापाऱ्यांपैकी ज्यांची नावे केंद्राच्या रकान्यात होती, त्यांच्या नस्त्या शिपायाकडून काढून घेतल्या आणि प्रत्येक नस्तीवर निळ्या पेन्सिलीने 'केंद्र' असे लिहायला घेतले. दहा-बारा नस्त्या झाल्यावर लक्षात आले की त्या इथून हलवताच येणार नाहीत. जून 2017 पर्यंतच्या कराच्या निर्धारणा, म्हणजे कर किती हे ठरवण्याची कामे, आणि अपिले अजून शिल्लक होती, आणि ती कामे आमच्याकडेच राहणार होती. व्यापाऱ्याचा मागचा हिशेब आमच्या कपाटात आणि पुढचा केंद्राच्या कार्यालयात, अशी ती विभागणी होती. सहायक आयुक्त म्हणाले, "पेन्सिल आहे ना, खोडून टाका." मी खोडले नाही.

त्या नस्त्यांमध्ये चादरी आणि टॉवेलच्या एका घाऊक व्यापाऱ्याची नस्ती होती. त्यांच्या वडिलांची नोंदणी 1959 च्या मुंबई विक्रीकर अधिनियमाखालची, म्हणजे पेढी दोन पिढ्या आमच्याकडे होती. दुपारी तीनच्या सुमारास ते स्वतःच आले. वाटणीची बातमी त्यांना आमच्याआधी कशी कळली, हे मी विचारले नाही. व्यापारी संघटनेला अशा गोष्टी नेहमीच आधी कळतात. समोर बसत ते म्हणाले, "मॅडम, आमचं काय चुकलं? एक दिवस उशिरा विवरणपत्र भरलं नाही कधी. आम्हाला केंद्राच्या एक्साईजवाल्यांकडे का पाठवलं?"

बदली झालेल्या कर्मचाऱ्याला समजवावे तसे मी त्यांना समजावले. काका, ही शिक्षा नाही, संगणकाने निवड केली आहे, कायदा एकच आहे आणि दरही एकच आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पिशवीतून एक अर्ज काढून टेबलावर ठेवला. अर्ज मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांच्या नावे होता आणि विषय होता, सोलापुरी चादरी व टॉवेल यांवरील करमाफीस मुदतवाढ मिळणेबाबत.

या अर्जाचा इतिहास माहीत नसेल तर पुढचे समजणार नाही. मूल्यवर्धित कराच्या काळात राज्याने काही वस्तू करमुक्त ठेवल्या होत्या, पण ती माफी मुदतीची असे आणि अर्थसंकल्पात ती पुढे वाढवली जाई. तांदूळ, गहू, डाळी आणि त्यांची पिठे, हळद, मिरची, चिंच, गूळ, नारळ, धणे, मेथी, पापड, ओले खजूर आणि या सगळ्या किराण्याच्या शेवटी सोलापुरी चादरी व टॉवेल, अशी ती यादी अर्थमंत्र्यांच्या भाषणात वाचली जात असे. धान्य-मसाल्यांच्या रांगेत चादर कशी येऊन बसली याचे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी हसू आले होते. पुढे कळले की त्या एका शब्दामागे यंत्रमागावर पोट असलेले एक शहर आहे आणि ते शहर विधानसभेत आमदार पाठवते. व्यापारी संघटना दर हिवाळ्यात अर्ज करी, आम्ही तो शिफारशीविना वर पाठवत असू, शिष्टमंडळ मुंबईला जाई आणि मार्चमध्ये मुदत वाढे. निव्वळ करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नसे. काकांची नोंदणी होती ती पडदे, गालिचे आणि तयार कपड्यांमुळे. पण त्यांचा जीव चादरीत होता.

नव्या करात 1,000 रुपयांपर्यंतच्या चादरीवर 5 टक्के कर आला होता. त्यातले अडीच टक्के केंद्राचे आणि अडीच टक्के राज्याचे. हे काकांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचा मुद्दा नेमका होता: "केंद्राचं केंद्र बघेल. आपल्या राज्याचे अडीच टक्के तर आपलं राज्य सोडू शकतं ना?"

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात एका ओळीत आहे, तरी मला ते सांगायला वेळ लागला. करमाफी द्यायची तर ती परिषदेच्या शिफारशीवरूनच देता येते, असे राज्याच्या स्वतःच्या कायद्यातच लिहिले आहे. मी त्यांना दराच्या दोन अधिसूचना काढून दाखवल्या. केंद्राची क्रमांक 1/2017, दिनांक 28 जून. राज्याची क्रमांकही 1/2017, दिनांक 29 जून. दोन्हींतल्या नोंदी ओळीला ओळ जुळत होत्या. काकांनी चष्मा लावून चादरीची नोंद दोन्हींकडे शोधली, दोन्हींवर बोट ठेवले आणि म्हणाले, "म्हणजे त्यांनी लिहायचं आणि आपण उतरवून घ्यायचं."

इतके सरळ ते नाही, हे मी सांगितले. शिफारस करणाऱ्या परिषदेत राज्येही बसतात, आणि हा कर आणणारी घटनादुरुस्ती आपल्या विधिमंडळाने 2016 च्या ऑगस्टमध्ये एकमताने मान्य केली होती. पण बोलताना मला त्याच वर्षाचा सप्टेंबर आठवत होता. घटनादुरुस्तीला मान्यता देऊन तीन आठवडेही झाले नव्हते तोच, 17 सप्टेंबर 2016 पासून, राज्याने आपला सर्वसाधारण दर 12.5 वरून 13.5 टक्के केला. एक अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातली बिले बदलली. त्याआधीच्या वर्षी दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये लावले, तेही असेच. पेट्रोल, डिझेल आणि दारू आजही नव्या कराबाहेर आहेत, त्यामुळे तेवढ्यापुरती ती ताकद उरली आहे; म्हणूनच राज्याला पैशांची ओढ लागली की बोट पेट्रोलकडेच जाते.

संध्याकाळी उपायुक्तांच्या दालनात चहाला बसलो असता मी चादरीची हकीकत सांगितली. त्यांनी एक रिकामा लिफाफा घेतला आणि त्याच्या पाठीवर हिशेब मांडला, तो मला अजून जसाच्या तसा आठवतो. परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश. विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून राज्ये 31, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 2.15 टक्के. गोव्याला तितकेच आणि महाराष्ट्रालाही तितकेच. निर्णयाला उपस्थितांच्या मतांपैकी 75 टक्के वजन लागते. सगळी राज्ये एक झाली तरी बेरीज 66.67 वर थांबते. केंद्राला मात्र 20 राज्ये सोबत मिळाली की पुरे, 19 असतील तर थोडे कमी पडते. "म्हणजे नकार द्यायला केंद्र एकटं पुरेसं," ते म्हणाले, "आणि आपल्याला नकार द्यायचा तर अकरा जण आणखी गोळा करायचे." नंतरच्या काळात परिषदेत प्रत्यक्ष मतदान पहिल्यांदा झाले ते डिसेंबर 2019 मध्ये, लॉटरीवरच्या दरासाठी. तोवर सगळे एकमताने चालले होते, आणि लिफाफ्यावरचा हिशेब सर्वांना पाठ असल्यामुळेच ते एकमताने चालत असावे, असे मला वाटते.

मी विचारले, "मग सर, राज्यांनी सही कशी केली?" ते म्हणाले, "चौदा टक्के." 2015-16 चा महसूल पाया धरून दरवर्षी 14 टक्के वाढ, आणि ती आली नाही तर पाच वर्षे केंद्राकडून भरपाई, ही ती हमी. इतक्या वेगाने आमचा जुना कर नेहमी वाढत होता असे नाही. शिवाय हा कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. महाराष्ट्रासारख्या माल बनवणाऱ्या राज्याला त्याची धास्ती होती, आणि त्या धास्तीवरचे औषध म्हणजे ही हमी. दर ठरवण्याचा हक्क देऊन पाच वर्षांची निश्चिंती घेतली, असा तो सौदा होता, आणि त्या दिवशी आम्हा दोघांनाही तो वाईट वाटला नव्हता. सी फॉर्मसाठी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवर कमी दर मिळावा म्हणून गिऱ्हाइकाकडून आणायच्या प्रमाणपत्रासाठी, परराज्यातल्या गिऱ्हाइकांचे उंबरे झिजवणारे व्यापारी आम्ही रोज पाहत होतो, आणि त्यांची सुटका खरीच झाली होती.

हमीची किंमत कळली ती ऑगस्ट 2020 मध्ये. टाळेबंदीत ज्या उपकरातून ही भरपाई दिली जाई तो आटला आणि 27 ऑगस्टच्या बैठकीत राज्यांसमोर कर्ज काढण्याचे दोन पर्याय ठेवले गेले. पुढे केंद्रानेच कर्ज काढून ते राज्यांना दिले, पहिल्या वर्षी 1.10 लाख कोटी आणि दुसऱ्या वर्षी 1.59 लाख कोटी रुपये, आणि फेडीसाठी उपकराची मुदत मार्च 2026 पर्यंत लांबली. 30 जून 2022 ला हमी संपली. त्याआधी महिनाभर, 19 मे 2022 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असा निकाल दिला, तेव्हा व्यापारी संघटनेच्या वकिलांनी मला दूरध्वनी करून विचारले की आता राज्य चादर माफ करू शकेल का. कागदावर विधिमंडळाचा अधिकार शाबूत आहे, असे मी म्हणाले. पण त्यासाठी आधी आपल्याच कायद्यातली ती ओळ बदलावी लागेल, आणि एका राज्याचा वेगळा दर देशभराच्या सामायिक संगणक प्रणालीत बसवावा लागेल. ते हसले. तो विषय तिथेच थांबला.

एक वाट मात्र उरते, आणि ती मी काकांना त्या दुपारीच सांगितली होती. राज्य कर माफ करू शकत नसले तरी गोळा झालेला आपला हिस्सा अनुदान म्हणून परत देऊ शकते. नव्या कारखान्यांना प्रोत्साहन योजनांत तो तसा दिलाही जातो. फरक इतकाच की माफीला तिजोरीतून पैसे काढावे लागत नाहीत, अनुदानाला लागतात, त्यासाठी तरतूद, पात्रता, तपासणी आणि दरवर्षीची प्रतीक्षा आली. काकांनी मान हलवली. "मॅडम, माफी बिलावर दिसते. अनुदान कोणाला मिळालं ते कोणालाच दिसत नाही."

अर्ज मी स्वीकारला. न स्वीकारण्याचे कारणही नव्हते. नागरिकाने आपल्या मंत्र्याला लिहिलेले पत्र आहे. आवक क्रमांक घातला आणि नेहमीच्या पद्धतीने 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर' असा शेरा मारून वर पाठवला. काही महिन्यांनी उत्तर आले की सदर विषय वस्तू व सेवा कर परिषदेच्या कक्षेत येत असल्याने अर्जदारास तसे कळवण्यात यावे. मी कळवले. तोवर काकांची पेढी माझ्या यादीतून गेली होती, तरी जुन्या कराच्या एका निर्धारणेसाठी ते अधूनमधून येत, आणि त्या निमित्ताने पत्राची प्रत घ्यायला आले.

त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि विचारले, "या परिषदेचा पत्ता काय?" मी त्याच पत्राच्या मागे लिहून दिला: वस्तू व सेवा कर परिषद सचिवालय, जीवन भारती इमारत, जनपथ, नवी दिल्ली. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

"तिथे आपले मंत्री बसतात ना, मॅडम?"

"बसतात. एकतीस राज्यांपैकी एक आपले."

त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवले. "मग अर्ज मुंबईलाच करतो," म्हणाले, "त्यांना म्हणावं, जाताना घेऊन जा."