चार विद्यार्थ्यांचा वर्ग आणि माझी सही

गेल्या वर्षी फेब्रुवारीत प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि एक फाईल पुढे सरकवली. “मॅडम, अर्थशास्त्र तुमचं. आकडे तुम्हीच बघा.” महाविद्यालय विकास समितीला दोन अभ्यासक्रमांवर अहवाल हवा होता. एक बी.ए.चं कन्नड, दुसरं विनाअनुदानित बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी. दोन्हींचे प्रवेश घटलेले. चालू ठेवायचे की बंद करायचे, ते एप्रिलच्या बैठकीआधी सांगायचं. सोलापुरात 21 वर्षं शिकवतेय, पण एखादा विषय राहावा की जावा हे कुणी मला विचारेल असं कधी मनात आलं नव्हतं. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

सुरुवात ऑफिसातून केली. जनरल रजिस्टर, विद्यापीठाला पाठवलेल्या पात्रता याद्या आणि परीक्षेचे फॉर्म, पाच वर्षांचे. तिन्हीकडे आकडा वेगळा! कुणी प्रवेश घेऊन महिन्याभरात विषय बदललेला, कुणी फीचा पहिला हप्ता भरून डी.एड.ला गेलेलं. फाईलमध्ये कन्नडपुढे फक्त ‘4’ लिहिलं होतं. ती तिसऱ्या वर्षाला कन्नड स्पेशल, म्हणजे मुख्य विषय म्हणून, घेतलेली मुलं. पहिल्या वर्षाला भाषा म्हणून कन्नड घेतलेली 30 च्या वर मुलं त्यात कुठेच नव्हती, आणि त्यांनाही शिकवणारे सर तेच.

मग वर्कलोडचा, म्हणजे शिक्षकांच्या तासांचा, तक्ता काढला. सहायक प्राध्यापकानं आठवड्याला 16 तास शिकवायचे असतात. वर्गात 4 मुलं असोत की 80, तास तेवढेच मोजले जातात. आमच्याकडे कन्नडच्या मंजूर जागा दोन. त्यातल्या एका जागेवरच्या मॅडम निवृत्त झाल्या, ती जागा भरली गेली नाही, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, आलेले दोघेही वर्षभरात सोडून गेले. मुलं कमी म्हणून जागा भरली नाही, असं फाईल सांगत होती. मी तारखा शेजारी-शेजारी मांडल्या. मॅडम गेल्या त्या वर्षापर्यंत प्रवेश बरे होते, घसरण त्यानंतरची.

पैशाचा हिशेब तर मला सगळ्यांत आधी करायला हवा होता. कन्नड अनुदानित आहे, पगार शासनाचा. विषय बंद करून संस्थेचा पगारापोटी एक रुपयाही वाचणार नव्हता. सर अतिरिक्त ठरून समायोजनाच्या, म्हणजे दुसरीकडे सामावून घेण्याच्या, यादीत गेले असते, एवढंच. संस्थेला मिळणार काय, तर एक वर्गखोली, थोडं सुटसुटीत वेळापत्रक, आणि महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या अहवालात भरलेल्या जागांची जरा बरी टक्केवारी. ह्या तीन गोष्टींसाठी एक भाषा काढून टाकायची का, असा प्रश्न मी टिपणात सरळ लिहिला.

वेळापत्रकावरून आठवलं. एके दुपारी प्रवेश अर्जातले विषयांचे गट तपासत बसले होते. कन्नड आणि भूगोल एकाच गटात! म्हणजे दोन्हीतला एकच घेता येणार. स्पर्धा परीक्षा डोक्यात असलेली मुलं भूगोल सोडत नाहीत. काही वर्षांपूर्वी खोल्यांच्या अडचणीमुळे कुणीतरी गट बदलला होता आणि तो तसाच पुढे छापला गेला. ते पाहून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या वर्षी वेळापत्रक समितीत मीसुद्धा होते. आमच्याच बीसीएचे प्रवेश 2024 मध्ये सीईटी लागू झाल्यावर घसरले, तेव्हा सगळे म्हणाले, प्रक्रिया बदलली म्हणून झालं. कन्नडच्या बाबतीत प्रक्रिया कुणी तपासलीच नव्हती.

कन्नड बंद करण्याच्या बाजूनं समितीतला सगळ्यांत भक्कम मुद्दा वेगळाच होता. शहरात आणि अक्कलकोटला कन्नड शिकवणारी इतर महाविद्यालयं आहेत, मुलं तिकडे जातील. मला तो पटतही होता. म्हणून ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केले. दोन ठिकाणी उत्तर जवळपास एकच मिळालं, “आमच्याकडेही चर्चा चालू आहे मॅडम, तुमच्याकडे आहे ना कन्नड?” जो तो दुसऱ्याच्या भरवशावर. सगळ्यांनी एकाच उन्हाळ्यात तसा ठराव केला तर काय, ह्याचा विचार करण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

मार्चमध्ये एका शनिवारी कन्नडच्या सरांबरोबर अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात गेले. कन्नड माध्यमाची शाळा, वर कनिष्ठ महाविद्यालय. बारावीच्या मुली परीक्षा देऊन व्हरांड्यात थांबल्या होत्या. एकीला विचारलं, पुढे काय? “मॅडम, आमच्या घरात समदे कन्नडच बोलतेत. मला मास्तरीण व्हायचंय, कन्नड शाळेतच.” कॉलेज सकाळचं असलं तरच घरचे पाठवणार होते, कारण दुपारी तिला शेतावर जावं लागतं. आमचं कला शाखेचं सत्र सकाळचं आहे. हे आमच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, पण माहितीपत्रक त्या शाळेत कधी पोचलंच नव्हतं. परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसले होते. म्हणाले, “आम्ही मुलं येतील म्हणून वाट बघत बसलो मॅडम. जायला हवं होतं.”

सरांनी मला दोन पानांचं टिपण दिलं होतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. कन्नड कवी द. रा. बेंद्रे 1944 ते 1956 ह्याच शहरात दयानंद महाविद्यालयात शिकवत होते, पुढे 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, आणि त्यांची मातृभाषा मराठी. सोलापूरच्या लेखिका जयदेवीताई लिगाडे 1974 मध्ये मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या मानाच्या पहिल्या महिला. वाचून मी म्हणाले होते, “सर, हे सगळं खरं, पण ह्यानं वर्कलोड भरत नाही.” गावाहून आल्यावर तेच टिपण काढलं आणि अहवालाला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडलं. आकड्यांच्या आधी.

बायोटेक्नॉलॉजीचं असं काही निघेना. मी शोधलं, अगदी मनापासून. गट ठीक होते, वेळ ठीक होती. तीन वर्षं मिळून 14 विद्यार्थी, आणि विनाअनुदानित म्हणजे शिक्षकांचं मानधन, रसायनं, काचसामान सगळं फीमधून. ती फी पुरत नव्हती. शिकवणारे दोघे तासिका तत्त्वावरचे. प्रयोग अर्धे दाखवले जात होते, अर्धे नुसते लिहिले जात होते, हे त्यांनीच मला सांगितलं. अशा अवस्थेत पुढच्या वर्षी पुन्हा मुलांची फी घेणं मला चुकीचं वाटलं. मी शिफारस लिहिली, बंद करावं.

एप्रिलच्या बैठकीत कन्नडवर तास-दीड तास बोलणं झालं. मी गटाचा कागद फिरवला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?” ठरलं असं की कन्नडला तीन वर्षं द्यायची, गट बदलायचा, रिकाम्या जागेसाठी पुन्हा प्रस्ताव पाठवायचा. बायोटेक्नॉलॉजीला दहा मिनिटं लागली.

पण ठराव झाला म्हणजे अभ्यासक्रम संपला असं होत नाही. प्रस्ताव विद्यापीठाकडे जातो, तिथून पुढे शासनाची मान्यता. शिकत असलेल्या मुलांना धक्का लागता कामा नये, म्हणून बंद करताना आधी पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबवतात, मग एकेक वर्ष सरत जातं. मुलांना हे समोर बसवून सांगायला मी स्वतः गेले. एका मुलीनं विचारलं, “आमच्या डिग्रीला काही होणार नाही ना?” नाही म्हणाले, आणि विद्यापीठाचं पत्र येईपर्यंत दर आठवड्याला ऑफिसात विचारत राहिले.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना असं कोणतंच पत्र नसतं. जूनमध्ये प्राचार्यांनी दोघांपैकी एका मॅडमना फोन केला, दुसऱ्यांना मी केला. सात वर्षं शिकवत होत्या त्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे तास एकालाच पुरतील एवढे उरले होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “डेड स्टॉक रजिस्टर द्यायला येते.”

जुलैत कन्नडला पहिल्या वर्षी 19 प्रवेश झाले. त्यात ती व्हरांड्यातली मुलगीही होती. भूगोल आणि कन्नड दोन्ही घेतलं तिनं. त्याच आठवड्यात बायोटेक्नॉलॉजीच्या त्या मॅडम आल्या. आम्ही दोघींनी प्रयोगशाळेत उभं राहून सामानाच्या त्या रजिस्टरवर एकेक वस्तू टिक केली, इनक्युबेटर, ऑटोक्लेव्ह, दोन मायक्रोस्कोप. लॅमिनार एअर फ्लोपाशी, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापाशी, त्या थांबल्या. “ह्याचा यूव्ही दिवा गेलाय मॅडम. उरलेल्या मुलांची प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत बदलून घ्या.” मी ते शेरा रकान्यात लिहिलं, त्यांनी खाली सही केली, मग मी केली.