मिनिटाला 68 श्वास

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका गावात मी आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. माझी निवड झाली तेव्हा माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले होते, धाकटा मुलगा दीड वर्षाचा होता आणि आरोग्याविषयी मला गावातल्या इतर बायकांपेक्षा काही अधिक कळत होते असे नाही. लसीकरणाच्या दिवशी बायकांना बोलावून आणायचे आणि प्रसूतीच्या वेळी गाडीला फोन करायचा, एवढेच आपले काम असेल, असे मी धरून चालले होते. नवजात बाळाच्या घरभेटींचे प्रशिक्षण मी ज्या रीतीने पार पाडले आणि त्यानंतर पहिल्याच वर्षी जे पाहिले, त्यामुळे हा समज मुळापासून बदलला.

हे प्रशिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार टप्प्यांत, एकूण 20 दिवसांचे असते आणि ते निवासी असते. मुलाला सासूबाईंच्या हवाली करून घराबाहेर पाच रात्री राहणे आमच्या घरात नवे होते. त्यावरून बोलाचालीही झाली, पण यजमानांनी माझी बाजू घेतली. पहिली सकाळ पूर्णपणे हात धुण्यात गेली. आयुष्यभर धुणी-भांडी करणाऱ्या बायकांना हात धुणे काय शिकवायचे, असे आम्हा सगळ्यांच्याच मनात आले होते. प्रशिक्षक मॅडमनी आमच्या हातांना शाई लावली, डोळे मिटून साबणाने हात धुवायला सांगितले आणि मग डोळे उघडायला लावले. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला शाई तशीच होती. त्याच हातांनी मी माझ्या दोन्ही मुलांना जन्मल्यानंतर पहिल्यांदा घेतले होते, हा विचार त्या क्षणी मनात आला आणि तो अजूनही गेलेला नाही.

वजनाचा काटा आधी शून्यावर आणणे, बाळाला झोळीत ठेवून काटा डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचणे, काखेत तापमापक लावणे, हे सारे सरावाने जमले. श्वास मोजणे मात्र जमेना. रुग्णालयाच्या वॉर्डात आम्हाला खऱ्या बाळांसमोर बसवले, तेव्हा माझी मोजणी 124 आली. मॅडमनी शांतपणे मोजून 62 सांगितले. पोट वर आले की एक आणि खाली गेले की दोन, असे मी मोजत होते. वर येऊन खाली गेले की एक श्वास पूर्ण होतो, हे कुणी सांगितल्याशिवाय मला सुचले नव्हते. बाळ रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजू नये, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, पूर्ण एक मिनिट मोजावे आणि अधिक आले तर पुन्हा मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी 60, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत 50 आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे धोका. पहिल्या चाचणीत मी नापास झाले. दोन टप्प्यांच्या मधल्या काळात घरी आल्यावर मुलगा झोपला की त्याचा सदरा वर करून, घड्याळ हातात धरून मी रोज रात्री मोजत बसे. पुढच्या टप्प्यात माझी आणि मॅडमची मोजणी जुळली.

संध्याकाळी मॅडम आम्हाला या कामामागची हकिगत सांगत. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले आणि ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते अशा गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत राबवली, तिथल्या नवजात बालमृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले आणि 1999 मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आमच्या हातातले घड्याळ आणि झोळीचा काटा तिथून आमच्यापर्यंत आला आहे, हे ऐकल्यावर त्या वस्तूंकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

सगळ्यांत अवघड पाठ बोलण्याचा होता. आमच्यातल्या एकीला सासू केले, एकीला बाळंतीण, आणि मी त्यांना पहिल्या चिकाच्या दुधाचे महत्त्व सांगू लागले. माझे संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "तू भाषण छान केलेस, पण त्या घरात काय चालते आणि का चालते, हे एकदाही विचारले नाहीस." आधी विचारावे, जे बरोबर आहे त्याचे मनापासून कौतुक करावे आणि मगच एखादी गोष्ट सुचवावी, हा क्रम अंगवळणी पडायला मला श्वास मोजण्यापेक्षा अधिक वेळ लागला.

रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा सहा दिवशी घरभेट द्यायची असते. त्या वर्षी श्रावणात एका ऊसतोड कामगाराच्या घरी मी सातव्या दिवसाची भेट द्यायला गेले. पाचवी पुजून झाली होती, पाहुणे अजून घरात होते आणि बाजेखालच्या शेगडीवर ओवा-शेपा टाकल्याने खोलीत धूर कोंडला होता. जन्मताना 2300 ग्रॅम वजनाचे ते बाळ सकाळपासून अंगावर पीत नव्हते. बाळाच्या आजी म्हणाल्या, "डबा झालाय त्याला. शेक दिला की उतरंल."

प्रशिक्षणाआधीची मी असते तर एक तर गप्प बसले असते किंवा वाद घातला असता. मी विचारले, "मावशी, डबा झाला हे तुम्ही कशावरून ओळखलं?" त्यांनी बाळाचे दुपटे बाजूला केले आणि म्हणाल्या, "पोट बघ की कसं उडतंय." त्यांची नजर अगदी बरोबर होती आणि मी तसे बोलूनही दाखवले. मग बाळंतिणीला आणि बाळाला बाहेरच्या मोकळ्या खोलीत घेऊन मी त्यांच्या देखतच मोजायला बसले. पहिल्यांदा 71 आले, थोडे थांबून मोजले तेव्हा 68. प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता आणि पाय गार लागत होते. "तुम्ही ज्याला डबा म्हणता, त्यालाच डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात," मी सांगितले, "आणि साठाच्या वर गेलं की शेकाच्या हातातलं राहत नाही."

काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका बाळाविषयी मी आरोग्य केंद्रात फोन केला होता, तेव्हा "बाळाला बरं वाटत नाही, रडतंय," एवढेच मला सांगता आले आणि पलीकडून सकाळी घेऊन या, असे उत्तर मिळाले. ते बाळ सुदैवाने बरे झाले, पण ती रात्र मी विसरलेले नाही. या वेळी मी सांगितले, "सातवा दिवस, वजन 2300, श्वास मिनिटाला 68, दोनदा मोजले, छाती आत ओढली जाते, दूध बंद आहे." वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकही उलट प्रश्न विचारला नाही. बाळाला थेट अंबाजोगाईला हलवा, असे सांगून त्यांनी तिथे स्वतः फोन केला. गाडीत बाळ आईच्या उघड्या छातीशी लावून वरून लुगड्याने लपेटले होते आणि आजी सोबत आल्या होत्या. नऊ दिवसांनी ते बाळ घरी आले.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 पासून आहे आणि खेड्यांतच डॉक्टर घडावेत हा त्याच्या स्थापनेमागचा विचार आमच्या भागात आजही अभिमानाने सांगितला जातो. डॉक्टर होण्यासाठी साडेचार वर्षांचे शिक्षण आणि वर्षाची इंटर्नशिप लागते. माझे शिक्षण 20 दिवसांचे. या दोन्ही शिक्षणांची गाठ त्या दिवशी एका आकड्यापाशी पडली. म्हणूनच मला मनापासून वाटते की, इंटर्न डॉक्टरांनी आमच्याबरोबर किमान काही घरभेटी कराव्यात आणि आमच्या उजळणी वर्गांत माहिती भरण्याचे फॉर्म जितका वेळ खातात, त्याच्या निम्मा वेळ तरी पुन्हा खऱ्या बाळांसमोर बसण्यासाठी मिळावा. मोजण्याचा हात सराव सुटला की विसरतो. हे मी स्वतःवरून सांगते आहे.

त्या बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या साऱ्या भेटी पूर्ण झाल्या, पण मला काळजी पुढची होती. ऊसतोडीसाठी उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली होती, दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येणार आणि ती जोडी कोयता घेऊन बाळासह कारखान्यावर जाणार. उसाच्या फडातल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, माझी घरभेट पोहोचत नाही. म्हणून जाण्याआधी तीन वेळा मी त्या घरी गेले आणि बाळाच्या आईला तिच्याच मोबाइलमधल्या घड्याळावर श्वास मोजायला शिकवले. तिनेही पहिल्यांदा पोट वर आले की एक आणि खाली गेले की दोन असेच मोजले. लसीकरणाच्या कार्डाच्या मागे मी मोठ्या अक्षरांत 50 लिहून दिले, कारण बाळ आता दोन महिन्यांच्या पुढचे होते.

जानेवारीत एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "ताई, लेकराला सर्दी झाली, म्हणून मोजलं. शेहेचाळीस भरले. पन्नासाच्या आत हाय ना?"

"आत आहे," मी म्हणाले. "पितंय ना अंगावर? छाती आत जात नाही ना?"

"पितंय. छाती बी नीट हाय."

"मग झोपलं की पुन्हा एकदा मोज, पूर्ण मिनिट. आणि किती आले ते मला सांग, मी जागी आहे."