आमची वाटचाल: शिट्ट्या नसलेलं स्पीच थेरपी सेंटर

बांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत शिकले, पुण्यात थोडी नोकरी केली आणि 2014 साली सांगलीत विश्रामबागला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान म्हणजे मोठा आरसा, सतरंजी आणि खेळण्यांची बादली. शेजारी मिरज, दवाखान्यांचं गाव, त्यामुळे श्रवण तपासणीची सोय हाताशी. मूल बोलत नाही म्हटलं की आजही आधी तेच: नीट ऐकू येतं ना?

तोवर घरी वेखंड उगाळून झालेलं असतं. "याचे बाबापण उशिराच बोलले" हेही झालेलं असतं. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे सुटतात. काहींना मात्र सगळं कळतं, बोट दाखवून हवं ते मिळवतात, पण शब्द जुळत नाही. त्यांतल्या थोड्यांना अप्रॅक्सिया असतो. जिभेत-ओठांत ताकद असते. जीभ-ओठ कधी, कसे हलवायचे याचं मेंदूतलं नियोजन बसत नाही. म्हणून तेच मूल "पाणी"ला एकदा "तानी" म्हणतं, लगेच "बाई", मग नुसतं "आ". तीन वर्षांच्या आत मी अहवालात "शक्यता" एवढंच लिहिते. पालकांना ते आवडत नाही.

धंदा म्हणून जड गेलं ते शिट्ट्या न ठेवणं. बोलणं सुटावं म्हणून लोकांना शिट्टी, पिपाणी, फुगे, जिभेचा मसाज हवा असतो. फुंकून फुंकर सुधारते, बोलणं बोलूनच येतं. "मॅडम नुसत्या खेळतात" म्हणून सुरुवातीला बरेच जण सोडून गेले.

खेळ असा: मी जमिनीवर, चेहरा मुलाच्या चेहऱ्यासमोर. "दे" दोघांनी मिळून, सावकाश म्हणायचं. जमायला लागलं की मी आवाज काढून घेते, नुसते ओठ हलवते. मग आधी मी, नंतर तो. मग मध्ये जरा थांबून. शेवटी बिस्कीट हातात धरून मी गप्प. शब्दही घरात लागणारे घेतो: दे, नको, अजून, मी पण. रंगांची नावं, एबीसीडी मागाहून.

याला आठवड्यातून तीन-चार छोट्या बैठका लागतात. जत-आटपाडीहून एसटीने येणाऱ्या आईला ते कुठून झेपणार? म्हणून आईला खोलीतच बसवायला लागलो. एक बैठक इथे, बाकी घरी पाच-पाच मिनिटं, जेवताना, अंघोळीला, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर. त्यामुळे एका घराकडून फी कमी येते, पण माणसं टिकतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये खोल्यांचं भाडं याच पद्धतीवर निघालं.

आजी-आजोबांसाठी शनिवारची दुपार वेगळी ठेवलीय. "बोल, बोल ना, पाहुण्यांना म्हणून दाखव" हे बंद करणं हाच तिथला मुख्य विषय, आणि तो सगळ्यात चिवट.

सध्या आम्ही दोघी थेरपिस्ट आहोत, तिसरी हवी आहे. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेली, मराठी बोलणारी आणि तासन्‌तास जमिनीवर बसू शकणारी. पुण्याइतका पगार देता येत नाही, हे मुलाखतीआधीच सांगतो.