गळा पेटीच्या मागे का जातो?

आज दिवसभर एका भावगीताच्या मिक्सवर, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवण्यावर. घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेला गळा, सोबत पेटी आणि तबला. गळा सारखा पेटीमागे दबत होता. फेडर (आवाज लहानमोठा करायची सरकपट्टी) वर केला की वरून चिकटवल्यासारखा वाटायचा. कारण दोघांची गर्दी एकाच जागी, साधारण १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये. पेटीच्या ट्रॅकवर २ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद ईक्यूने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमीजास्त करणारं साधन) ३ डीबी, म्हणजे डेसिबल, काढले आणि गळा फेडर न हलवता पुढे आला. काय सुंदर वाटतं तेव्हा!

गळ्याला ९० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर), ३०० हर्ट्झपाशी २ डीबी कट. लहान खोलीचा घुमारा तिथेच साचतो. कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) आधी क्लिप गेनने, म्हणजे रेकॉर्डिंगच्या त्या त्या तुकड्याचा आवाज हाताने कमीजास्त करून, शब्द समतोल करा, विशेषतः ओळीच्या शेवटी श्वास संपताना पडणारी अक्षरं. मग कॉम्प्रेसरचा रेशो (किती दाबायचं) ३:१, अटॅक (किती वेळात दाबायला लागायचं) १० मिलिसेकंद, गेन रिडक्शन (प्रत्यक्ष दाबलेला आवाज) ४ डीबीपर्यंत. जास्त दाबलं तर मींडेतला आवाजाचा चढउतार सपाट होतो, श्वास अंगावर येतात. स, श टोचले तर ६-७ किलोहर्ट्झला डी-एसर (तेवढाच सीत्कार दाबणारं साधन). रिव्हर्बला (मिक्समध्ये मुद्दाम दिलेली गुंज) ३० मिलिसेकंद प्री-डिले (गुंज सुरू होण्याआधीचा थांबा), म्हणजे शब्द आधी पोचतो.

खोलीचा घुमारा मात्र कॉम्प्रेसर आणखी वर काढतो. त्यावर इलाज रेकॉर्डिंगच्या वेळीच: माइक १५ सेंटिमीटरवर, गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधडी.