तुम्ही विचारलंत म्हणून: कॅज्युअल्टीतली इलेक्टिव्ह

"सर, नीट-पीजी तोंडावर असताना तुमच्याकडे कॅज्युअल्टीत इलेक्टिव्ह का घ्यायची? तिथे आम्हाला काही करायला तरी मिळते का?" तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो, हल्ली पालकही फोन करतात, म्हणून सविस्तर उत्तर लिहितो.

२०१९ मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा अंतिम वर्षाआधी चार-चार आठवड्यांच्या दोन इलेक्टिव्ह, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयातले प्रशिक्षण, आल्या. पुढे दिवसांचा हिशेब बदलत गेला, पण माझे उत्तर बदललेले नाही. श्वासनलिकेत नळी घालायला तुम्हाला मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. मिळेल तो एक अत्यवस्थ रुग्ण, दिवसभर, पुन्हा पुन्हा तपासायला. आयसीयूत खाट रिकामी होईपर्यंत असे रुग्ण आमच्याच रेड एरियात, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या कक्षात, असतात, कधी तासभर, तर कधी दीड-दोन दिवस.

एका विद्यार्थिनीकडे मी असाच एक तरुण सोपवला होता. फवारणीचे औषध पोटात गेलेले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. अशा वेळी ॲट्रोपीन या उताऱ्याच्या औषधाचा डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जातात, आणि कुठे थांबायचे ते रुग्णाचे शरीरच सांगते: छाती मोकळी होते, नाडी आणि वरचा रक्तदाब ८० च्या पुढे जातो, काखा कोरड्या पडतात. डोस रेसिडेंट डॉक्टर देत होता. दर पाच मिनिटांची नोंद ती ठेवत होती. संध्याकाळपर्यंत तो तरुण बोलू लागला आणि नातेवाईक घरी कधी सोडणार ते विचारू लागले.

मी तिला एकच काम दिले: दर तासाला जाऊन त्याला उशीवरून मान उचलायला सांगायची. या विषबाधेत साधारण एक ते चार दिवसांनी श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, आणि मानेतला अशक्तपणा ही त्याची आधी दिसणारी खूण असते. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ती धावत आली. "सर, तीनला मान उचलली होती, आता नुसती हनुवटी हलते आहे." ऑक्सिमीटर तेव्हाही ९७, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ठीक, दाखवत होता. त्याला घाईगर्दी न होता, वेळेत व्हेंटिलेटरवर घेता आले आणि काही दिवसांनी तो चालत घरी गेला.

सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णाचेही तसेच: पुन्हा पुन्हा तपासायचे. सलाइन दिल्यावर बोटाचे टोक दहा सेकंद दाबून धरावे आणि रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का, हे मोजावे. तासाभराने पुन्हा मोजावे.

यामुळे नीट-पीजीचे गुण वाढतील, असे मी पालकांना सांगत नाही. मात्र तुमच्यापैकी अनेक जण इंटर्नशिपनंतर बंधपत्राच्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार आहेत. तिथे व्हेंटिलेटर नसतो. १०८ ची गाडी बोलवायची की सकाळपर्यंत थांबायचे, हे रात्री दोन वाजता तुम्हालाच ठरवावे लागते, आणि मान उचलायला सांगण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

यायचे ठरवलेत तर सेकंदकाटा असलेले घड्याळ आणा आणि निम्म्या तरी रात्रपाळ्या मागून घ्या.