दुसऱ्या रिंगनंतर

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी कॉलर आयडीचा फोन आला, तेव्हा आईने फोनवरच्या क्रोशाच्या झाकणाला नंबर दिसण्यापुरते भोक पाडून त्याची कड सुबकपणे शिवून घेतली. फोन धावत जाऊन उचलायचा नाही, हा नियमही त्याच दिवशी लागू झाला, कारण आमच्या यंत्रात नंबर उमटायचा तो पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत. एक्स्चेंजकडून नंबरचे संकेत तेवढ्याच फटीत येत आणि कुणी उतावळेपणाने पहिल्याच रिंगला रिसीव्हर उचलला तर ती काच कोरीच राहत असे. मे महिन्यात मात्र कूलरच्या घरघरीत पहिली रिंग ऐकूच येत नसल्यामुळे हा नियम आपोआप पाळला जाई.

काचेवर नाव येत नसे, केवळ अंक येत. त्यामुळे आईने एक वही घातली आणि तीत ‘बर्डीचे काका’, ‘गॅसवाले’, ‘मोठ्या वन्संच्या शेजारी’ अशा नोंदी सुरू केल्या. पुढे नागपूरच्या सहा आकडी नंबरांच्या आधी २ लागला, तेव्हा तिने एका दुपारी बसून लाल शाईने प्रत्येक नंबराआधी तो आकडा लिहिला. वडिलांना वहीची गरज वाटत नसे. ०७२१ म्हणजे अमरावती, ०७२४ म्हणजे अकोला, ०७१५२ म्हणजे वर्धा हे त्यांना पाठ होते. याचा खरा लाभ वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना झाला, कारण त्यांच्या पत्रांवर आमचाच नंबर ‘पी.पी.’, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर बोलावून घेण्याचा नंबर, म्हणून छापलेला होता. अकोल्याचा आकडा दिसला की रिसीव्हर उचलण्याआधीच मला जिन्याकडे पिटाळले जाई आणि पलीकडच्या माणसाचे एसटीडीचे पैसे तेवढे वाचत.

फोनच्या इतर सोयी आमच्याकडे आल्या आणि बहुतेक पडून राहिल्या. एसटीडीला गुप्त आकड्याने कुलूप घालण्याची सोय वडिलांना फार आवडली, कारण जुन्या फोनच्या डायलच्या भोकात अडकवायचे चिमुकले कुलूप निरुपयोगी असल्याचे, म्हणजे रिसीव्हरखालचा हूक टपटप दाबूनही नंबर लावता येत असल्याचे, आम्हा भावंडांना त्यांच्या कितीतरी आधी कळले होते. महालातल्या आजीच्या फोनवर मात्र हॉटलाइन घेतली, आणि ती सोय मी सर्वांत मोलाची मानतो: रिसीव्हर उचलून काही सेकंद कुठलेच बटण दाबले नाही, तर आधी ठरवून दिलेला नंबर आपोआप लागत असे. मोतीबिंदूमुळे आजीला आकडे दिसत नसत. ती रिसीव्हर उचलून नुसती थांबे आणि आमच्याकडे रिंग वाजे. महालात वीज गेली तरी हे चाले, कारण टेलिफोनच्या तारेतली वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून येते, घरच्या मीटरमधून नाही.

कॉलर आयडीने लोक टाळता येतात, असे त्या काळी म्हटले जाई, आणि वर्गणी मागणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही होते. आईचा उपयोग निराळा होता. पलीकडे कोण आहे हे कळले की ती त्या माणसापुरता आवाज तयार करून घेई. वन्संसाठी पदर सारखा करी, जणू त्या समोरच उभ्या आहेत. सुरुवातीला एकदा तिने फोन उचलताच शेजारच्या काकूंना नावाने हाक मारली, तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, “तुम्हांला कसं समजलं जी, मी बोलून राहिली म्हणून?” आईने यंत्राचे सगळे समजावून सांगितले, पण पुढचे काही दिवस काकूंनी फोन न करता स्वतः येणेच पसंत केले. तेव्हापासून आईने ठरवले की कळले तरी दाखवायचे नाही.

१५ जानेवारी २०२१ पासून या फोनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य दाबावे लागते, आणि वहीतल्या मोबाइल नंबरांच्या आधी आता लाल शाईची शून्ये आली आहेत. परवा मी स्वयंपाकघरात होतो. रिंग वाजली, आईने पोळी उलटली, हात पुसले, दुसरी रिंग होऊ दिली, झाकणाच्या भोकातून वाकून पाहिले आणि माझ्याकडे वळून हळूच “वन्सं” म्हणाली. मग तिने रिसीव्हर उचलला आणि विचारले, “हॅलो, कोण बोलून राहिले?”